सर्व प्रकारच्या नेकप्लेट मिळतील

भांड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचे कान लवकर जातात, पण तोंड कधी जात नाही. माझं तर मुळीच नाही! किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. एका गिऱ्हाइकाला गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, दाखवत असते, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक असं काही बोलून जातं की वाटतं, आज घरी गेल्याबरोबर सांगायचं. घरी कुकर लावण्यात राहून जातं. आणि दुसऱ्या दिवशी त्याहून भारी काहीतरी घडतं! मग आधीचा किस्सा माळ्यावर. माझ्या डोक्यातला माळा आता पार भरलाय, म्हणून आज थोडं खाली उतरवते.

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या ओळीत बबनभाऊंचं दुकान आहे. त्यात आम्ही तिघं. बबनभाऊ म्हणजे मालक. मी कुंदा, काउंटरवर. आणि दाराजवळ खाली पाटावर बसलेले मुरलीभाऊ, भांड्यांवर नावं टाकणारे.

मुरलीभाऊंना हलक्यात घेऊ नका. दिवसभर ते मान खाली घालून बसतात, हातात ती घर्रर्र करणारी मशीन असते आणि स्टीलवर टिंबाटिंबांनी नाव उमटत जातं. अक्षर असं वळणदार की लोक कळमेश्वरहून, काटोलहून डबे घेऊन येतात. आणि त्याचा माज केवढा! "आपण टाकलेलं नाव घासून जात नाही. माणूस जाते, नाव राह्यते!" हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. एकदा तर एका म्हाताऱ्या आजोबांना ऐकवलं. आजोबा गंज न घेताच निघून गेले!

या माणसाचं सगळं काही त्या उजव्या हातात आहे. हे मी आत्ताच सांगून ठेवते.

*

तर नेकप्लेट.

झालं असं की बबनभाऊंच्या डोक्यात आलं, नुसत्या भांड्यांवरच काहून? मुरली बसलाच आहे तर दारावरच्या पाट्याही करू. पितळेच्या, स्टीलच्या नेमप्लेट! ताबडतोब त्यांनी गांधीबागच्या फ्लेक्सवाल्याला मोबाईलवर बोलून मेसेज पाठवला.

आता बबनभाऊंच्या तोंडात सकाळी उठल्यापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. खर्रा खाणारा माणूस कसा बोलतो ते नागपूरकरांना सांगायला नको. हनुवटी आभाळाकडे, ओठ उघडे, आणि सगळा कारभार घशातून. तुम्हीच करून बघा. 'म' म्हणायला ओठ मिटावे लागतात! ओठ मिटले तर खर्रा शर्टावर येतो. त्यामुळे भाऊंच्या तोंडून 'नेम' निघालंच नाही. बाकीचे शब्द फ्लेक्सवाल्याला अंदाजानं कळले, पण 'नेम'च्या जागी घशातून जे निघालं ते त्यानं इमानेइतबारे छापलं.

संध्याकाळी फ्लेक्स लागला. हा लांबच्या लांब, पिवळ्यावर लाल अक्षरं: 'आमच्याकडे सर्व प्रकारच्या नेकप्लेट मिळतील.'

मी म्हटलं, "भाऊ, म चुकला!"

भाऊंनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि रस्त्यावर पिंक टाकून आले. "राहू दे वं. लोकं समजतात."

"काय समजतात?"

"म समजतात!"

कुणीही म समजलं नाही. ज्याला ज्याला म्हणून जगात नेकप्लेट हवी होती, तो तो आमच्या दुकानात आला!

*

पहिली बाई आली ती ब्लाउजपीस घेऊन. घाईत होती, भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "गळ्याले प्लेटा पाहिजे. समोरून सहा."

शिवणकामात चुणीला प्लेट म्हणतात हे मला माहीत आहे, पण मी त्या वेळी आत परात काढत होते. समोर होते मुरलीभाऊ. त्यांनी बिचाऱ्यांनी सहा प्लेटा काढल्या, फडक्यानं पुसल्या, एकीवर एक रचल्या आणि मग बाईच्या गळ्याकडे काळजीनं पाहिलं.

"सहाही गळ्यातच घालता का वं बाई? मान राहीन का?"

*

दुसरा किस्सा एका भाभीजींचा. हिंदी बोलणारं कुटुंब, घरात दिराचं लग्न. त्यांच्यात लग्नात नणंदेला, दिराला, जावयाला मानाची भेट द्यायची रीत असते, तिला नेग म्हणतात. भाभीजींनी आमचा फ्लेक्स वाचला आणि त्या उड्या मारतच आत आल्या. "भैया, नेग की प्लेट मिलेगी ना? बोर्ड पे लिखा है!"

बबनभाऊंचा नियम असा की गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग पाहू. "मिलेगी ना भाभीजी! किस किस के नाम की?"

भाभीजींनी धडाधड सांगितलं. एक प्लेट 'नेग ननद', एक 'नेग देवर', एक 'नेग जमाई'. मुरलीभाऊंनी मशीन चालू असतानाच ऐकलं. मशीनच्या आवाजात ग कुठला आणि क कुठला! आणि त्यात तो फ्लेक्स रोज डोळ्यांसमोर. त्यांनी त्यांच्या त्या वळणदार अक्षरात काढलं, 'नेक ननद'. 'नेक देवर'. 'नेक जमाई'.

नेक म्हणजे सद्गुणी, सज्जन. भाभीजी प्लेटा बांधून घेऊन गेल्या, उघडून पाहिल्याही नाहीत. माझ्या लक्षात आलं तेव्हा रिक्षा चौकाच्या पलीकडे!

लग्न झालं आणि भाभीजी दुकानात हजर. मी भीतीनं आत गोदामात जायच्या बेतात. मुरलीभाऊ तर एका डब्याच्या मागे लपले, डबा त्यांच्यापेक्षा लहान होता तरी!

भाभीजी आल्या आणि चक्क पेढे ठेवले. "भैया, कमाल कर दी! मेरी ननद को आज तक किसी ने नेक नहीं बोला था. स्टेज पे प्लेट पढ़ी और मेरे गले लग के रो दी. पूरी शादी में एक झगड़ा नहीं हुआ!"

मुरलीभाऊ डब्यामागून बाहेर आले, मिशी सारखी केली. आता तर सगळं आपणच ठरवून केलं असा चेहरा! "और किसी के लिए बनाना है क्या? सास के लिए बना दूँ? नेक सास?"

भाभीजींनी विचार केला. खूपच विचार केला. मग पदर सावरून म्हणाल्या, "सास की सादी ही रहने दो."

*

मग आले गिटारवाले साहेब. दिवसा बँकेत, संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. पाठीला गिटार, डोक्याला घाम आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू हरवलेला नातेवाईक सापडला! "बर्डीपासून सदरपर्यंत फिरलो हो. कुणालाच कळत नाही. तुमच्याकडे तर सर्व प्रकारच्या आहेत!"

बबनभाऊंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

साहेबांनी गिटार उलटी केली आणि दाखवली. गिटारीचं पोट आणि दांडा जिथे जुळतो तिथे पाठीमागे एक चौकोनी धातूची पट्टी असते, चार स्क्रूंनी बसवलेली. तिला म्हणतात नेकप्लेट. म्हणजे जगात खरीखुरी नेकप्लेट असते! आम्ही तिघंही वाकून पाहायला लागलो. साहेबांना त्या पट्टीवर स्वतःचं नाव हवं होतं.

"पण गिटारीले गळा राह्यते का जी?" मुरलीभाऊंनी विचारलं.

"राहतो ना! गळा दाबल्याशिवाय सूर निघत नाही."

"आमच्याकडे उलटं आहे जी. गळा दाबला का सूर बंद!"

साहेब इतके हसले की गिटार घसरता घसरता वाचली. मुरलीभाऊंनी पट्टी काढली, नाव टाकलं, फार सुंदर टाकलं. पण परत बसवताना एक स्क्रू त्यांच्या बोटांतून पडला. उचलला, पुन्हा पडला. "घाम आला हाताले," ते म्हणाले. कूलर तर थेट त्यांच्या अंगावर होता. शेवटी स्क्रू साहेबांनीच लावला.

*

कामठीच्या सुभेदार साहेबांचा किस्सा मी आतापर्यंत निदान माहेरच्या सगळ्यांना सांगितलाय, तरी माझं पोट भरत नाही!

साहेब फौजेतून निवृत्त, आवाज अजून परेडचा. त्यांना कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यासाठी छोटी प्लेट हवी होती. कुत्रं सारखं फाटकातून पळायचं. कागदावर त्यांनी सगळं नीट लिहून दिलं: वर स्वतःचं नाव, खाली कुत्र्याचं नाव शेरू, त्याखाली फोन नंबर.

आता मुरलीभाऊंचा एक धंद्याचा कायदा आहे. वस्तू ज्याची, नाव त्याचं. गडवा, म्हणजे तांब्या, आपलं नाव सांगत नाही, मालकाचं सांगतो. तर कुत्रं काय वेगळं? त्यांनी शेरूला सरळ गाळलं आणि प्लेटवर टाकलं, 'सुभेदार साहेब, कामठी', खाली नंबर. साहेबांना चष्म्याशिवाय दिसत नाही. पट्ट्याला प्लेट लागली.

पुढच्याच आठवड्यात शेरू पळाला. तीन गल्ल्या सोडून एका घराच्या अंगणात जाऊन झोपला. त्या घरच्या बाईंनी पट्टा वाचला आणि फोन लावला. फोन उचलला सुभेदारीणबाईंनी.

"हॅलो, सुभेदार साहेब आमच्या अंगणात येऊन झोपले जी. पोळ्या खाल्ल्या त्यायनं आन् झोपले."

"असं कसं? ते तं इथं पेपर वाचून राहिले!"

"नाही जी, तेच आहेत. गळ्यात पट्टा आहे ना!"

सुभेदारीणबाईंनी नवऱ्याच्या गळ्यातल्या मानदुखीच्या पट्ट्याकडे एकदा नीट पाहिलं. "पट्टा तं यायच्याही गळ्यात आहे. तुम्ही शेपटी आहे का पाहा बरं!"

हे आम्हाला सांगायला साहेब स्वतः आले होते, हसून हसून लाल झाले होते. मी प्लेट बदलून द्यायची म्हटलं तर देईनात. "राहू द्या. गल्लीतली पोरं आता त्याला सॅल्यूट मारतात!"

पण त्या दिवशी मी ती प्लेट हातात घेऊन पाहिली. 'कामठी'मधला ठी ओळीच्या खाली गेला होता. मुरलीभाऊंचं अक्षर ओळ सोडून कधी गेलं नव्हतं हो.

*

त्यानंतर नेकप्लेटवाली गिऱ्हाइकं येतच राहिली. एका शाळेच्या गॅदरिंगच्या बाईंना नाटकातल्या सैनिकांसाठी गळ्याचं चिलखत हवं होतं. बबनभाऊंनी त्यांना पोळ्यांच्या डब्याची झाकणं विकली! नाटकात लढाई जोरात झाली म्हणे. दर वाराला ठण्ण वाजायचं आणि मागच्या रांगेतली आई ओरडायची, "सांभाळून रे, पोळ्या झाकायच्या आहेत त्यानं!" एका नव्या सूनबाईंनी मोबाईलवर गळाभर बसणारा चपटा दागिना दाखवला, ठुशीची थोरली बहीणच म्हणा. त्यांना आम्ही सराफ्याचा रस्ता दाखवला.

सगळं दुकान हसत होतं. पण मुरलीभाऊ हळूहळू हसेनासे झाले.

आधी त्यांनी मशीनला दोष दिला. मशीन बदलली. मग बल्बला दोष दिला. बबनभाऊंनी डोक्यावर नवा बल्ब लावला. मग चष्मा झाला. एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या गंजावर 'शांताराम' टाकायचं होतं. 'शांता'पर्यंत आले आणि हात थांबला. मशीन चालूच, घर्रर्र, आणि हात जागेवर. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, पुढे!" मुरलीभाऊ म्हणाले, "एवढंच नाव छान आहे."

गिऱ्हाईक भांडलं, मी दुसरा गंज दिला, ते गेलं. मुरलीभाऊंनी मशीन खाली ठेवली आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. झोपलेलं पोर उचलतात ना, तसा.

"ताई," ते म्हणाले, "मले हात समजूनच नाही राहिला."

एवढा बडबड्या माणूस, आणि इतकं लहान वाक्य!

*

रामदासपेठेतल्या दवाखान्यात आम्ही चौघं गेलो. मुरलीभाऊ, त्यांची बायको शोभावहिनी, बबनभाऊ आणि मी. दुकानाला कुलूप! शेजारचे दुकानदार विचारायला लागले, कोण गेलं?

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी फोटो उजेडाला लावला आणि बोटानं दाखवलं. मानेच्या मणक्यात नस दाबली गेली होती. तीच नस हाताला जाते. म्हणाल्या, "समोरून ऑपरेशन करू. दाब काढू आणि तिथे एक छोटी प्लेट बसवू, स्क्रूंनी. हात परत यायची आशा चांगली आहे, पण उशीर केला तर मी शब्द देऊ शकत नाही."

मग बबनभाऊंनी दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे, मॅडम, नेकप्लेट?"

"हो, तसंच म्हणा."

मला हसण्याचा आजार आहे, कुठेही फुटते मी. त्या दिवशी नाही फुटले.

बाहेर आल्यावर मुरलीभाऊ फूटपाथवरच थांबले. "भाऊ, आधी ते फ्लेक्स काढा."

"काहून गा?"

"सर्व प्रकारच्या म्हणलं ना तुम्ही? सर्व प्रकारच्या आल्या. ब्लाउजची आली, गिटारीची आली, कुत्र्याची आली. आता माही पण आली!"

भाऊंनी दुकानात आल्यावर स्वतः शिडी लावली, या वयात, आणि तो फ्लेक्स ओढून खाली काढला. शिडीवरून उतरले तेव्हा डोळे पाण्यानं भरलेले. मी पाहिलं हे त्यांनाही कळलं. म्हणाले, "आज खर्र्यात चुना जास्त पडला."

खर्रा तर त्यांनी दवाखान्यात जायच्या आधीच थुंकला होता.

*

एवढं होऊनही मुरलीभाऊ ऑपरेशनला तयार होईनात! मशीन समोर ठेवून नुसते बसायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, कारागीर सुट्टीवर आहे. स्वतःच कारागीर!

बबनभाऊ म्हणाले, "हात नाही आला तं काउंटरवर बस."

"काउंटरवर बसाले मी काय कुंदाताई आहे?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? काउंटर काय वाईट आहे?"

"वाईट नाही वं ताई. पण मी नाव टाकतो म्हणून मुरली आहे. हात गेला तं मी कोण? आन् तिथं गळ्यातून कापणार. हात तं गेलाच, आवाजही गेला तं? मंग मी सांगू कोणाले, का माह्यं अक्षर कसं होतं?"

मी भाऊंच्या नियमानं त्यांना पाणी दिलं.

गिटारवाले साहेब कुठून तरी ऐकून भेटायला आले. त्यांनी प्रेमानं समजावलं, "मुरलीभाऊ, माझ्या गिटारीचा सगळा जोर त्या प्लेटवरच आहे. ती घट्ट म्हणून सूर बरोबर!"

"तुमच्या गिटारीले भूल देऊन कापलं का जी?"

साहेबांनी गिटार पाठीला लावली आणि निघाले.

शेवटी शोभावहिनी दुकानात आल्या. हातात त्यांचा डबा. त्या फार बोलत नाहीत. घरात एक माणूस बोलणारं असलं की एक ऐकणारं लागतं, असं त्या म्हणतात. डबा खाली ठेवला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"करून घ्या ऑपरेशन. लग्न झाल्यापासून तुमची मान माह्यापुढे कधी वाकली नाही. प्लेट बसली तं निदान लोकायले सांगता येईन, का धातूची आहे म्हणून वाकत नाही!"

आधी बबनभाऊ फुटले. मग मी. आणि मग, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, मुरलीभाऊ! त्यांना हसताना मान दुखत होती, तरी हसत होते, आणि हसता हसता रडायला लागले, आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, दुकानात गिऱ्हाईक असताना, इतवारीत, भर दुपारी!

डोळे पुसून ते म्हणाले, "लावा तारीख."

*

ऑपरेशन झालं. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "आमच्याकडून सगळं नीट झालं. आता हात काय म्हणतो ते उद्या पाहू." हात काय म्हणतो! आम्ही देवाला काय काय नवस बोललो ते इथे सांगत नाही, ते फेडायचं अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे खोलीत. मुरलीभाऊ उशाला टेकून बसलेले, गळ्याला पांढरा जाडजूड पट्टा, मान सरळ, मिशी सरळ. आवाज बसलेला, कुजबुजल्यासारखा. बबनभाऊंच्या तोंडात खर्रा नाही, त्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. वहिनी खिडकीशी उभ्या.

मॅडम आल्या. "मुरलीधरजी, उजवी मूठ करा." केली. "उघडा." उघडली. "माझं बोट दाबा." दाबलं, आणि मॅडमनी "अरे वा!" म्हटलं. पण मुरलीभाऊंचा चेहरा काही हलला नाही. मूठ कुणालाही करता येते हो. त्यांना हवं होतं ते वेगळं होतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मॅडमनाही माहीत असावं. त्यांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या बोटांत दिलं आणि मी पर्समधला कागद पुढे केला, तो मॅडमनी त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "लिहा. काहीही लिहा."

पहिली रेघ वाकडी गेली. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मुरलीभाऊंनी दम घेतला, जीभ दातांत धरली आणि पुन्हा सुरुवात केली. एक अक्षर. मग दुसरं. मग वरची रेघ, सरळ, लांब, पार कागदाच्या टोकापर्यंत! मला कागद दिसत नव्हता, मला नुसता हात दिसत होता, आणि तो हात चालत होता!

बबनभाऊ माझा खांदा इतका दाबत होते की अजून दुखतो.

मॅडमनी कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. आणि गोंधळून मोठ्यानं वाचून दाखवला.

"डॉक्टर मॅडम यांचेकडून सप्रेम भेट. हे काय लिहिलंत? भेट कसली?"

मुरलीभाऊंना मान हलवता येत नव्हती. त्यांनी तोच उजवा हात वर केला, गळ्याच्या पट्ट्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाले,

"आतल्या प्लेटवर टाकाचं होतं जी, पण मले जाग येईपर्यंत तुम्ही टाके घालून मोकळ्या झाल्या!"